कळत गेलं की कोडं सुटतं की वाढतं? (निमित्त लोणार)

कातळवेडा

ऑफिसातला एक जण सुट्टीत लोणारला जाऊन आला. कसं वाटलं विचारलं तर म्हणे, "काही नाही रे, हिरवट पाणी आणि वास. दहा मिनिटांत पाहून होतं."

वाद घातला नाही, पण विषय डोक्यात घोळत राहिला. त्याला तिथे कोडं दिसलं नाही, कारण त्याला त्या जागेबद्दल काहीच माहीत नव्हतं. मला जसजसं कळत गेलं तसतसं लोणार अवघडच होत गेलं. म्हणून हा धागा. माहिती वाढली की जग उलगडतं, की आणखी गूढ होतं? (ज्ञानाचं वर्तुळ वाढलं की अज्ञानाचा परीघही वाढतो, हे वाक्य कृपया कुणी टाकू नये. शंभरदा वाचून झालंय.)

लोणारपुरतं बोलायचं तर आधी पुराणातली गोष्ट आली. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने वरचं झाकण उडवून त्याला मारलं. खड्डा हे त्याचं बिऱ्हाड, खारं पाणी हे त्याचं रक्त. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे ते त्यामुळेच. गोष्टीत सगळ्याचा हिशेब लागतो, शिल्लक काही राहत नाही.

मग इंग्रज. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. चहूबाजूंना बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, तेव्हा हे ज्वालामुखीचं तोंड असणार, असं पुढे दीडएकशे वर्षं बहुतेक जण धरून चालले. अडचण एवढीच की दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हे विवर मात्र अजून काठ न झिजलेलं. शिवाय घाटातून जाताना आपल्याला बेसॉल्टचे थर आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. लोणारच्या कड्यापाशी तेच थर वर उचलले गेलेत आणि बाहेरच्या अंगाला कललेत. जाल तेव्हा पाण्याकडे नंतर बघा, आधी हे थर बघा.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तळ्याच्या गाळातून खाली बोअर घेतले, आणि वर आलेल्या दगडात मास्केलिनाइट सापडलं. ही काच आहे. बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजावर क्षणभर काही लाख वातावरणांएवढा दाब पडला की त्याची आतली घडी मोडते आणि काच होते, पण कणाचा बाहेरचा आकार तसाच राहतो. ज्वालामुखीत असा दाब मिळत नाही. १९७३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखी निकालात निघाला. इथे आकाशातून काहीतरी येऊन आदळलं होतं.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण पुढचा प्रश्न आला, कधी? थर्मोल्युमिनेसन्सने (दगडात साठत गेलेली ऊर्जा तापवून प्रकाशाच्या रूपात मोजायची; तापलं की हे घड्याळ शून्यावर येतं) उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षं. बरीच वर्षं तेच छापलं जात होतं, अजूनही छापतात. मग २०११ च्या सुमारास आरगॉनच्या पद्धतीने (दगडात पोटॅशियमपासून हळूहळू साठणारा आरगॉन वायू मोजून) मोजलं तर सुमारे ५ लाख ७० हजार! म्हणजे जवळजवळ अकरा पट. आरगॉनवर आक्षेप असा की मूळ दगडातला जुना आरगॉन आघातात पूर्ण निसटला नसेल तर वय जास्त दिसतं. मोजणाऱ्यांनी ते गृहीत धरून दुरुस्ती केलेली आहे. दुसऱ्या बाजूला, ५२ हजारांचं घड्याळ मधल्या काळात परत शून्यावर आलं नसेल कशावरून?

आणि त्या काचेची गंमत तर पुढेच आहे. मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८७२ मध्ये, शेरघाटीच्या उल्केत. ही उल्का २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळ पडली. शंभर वर्षं ती फक्त एक 'वेगळी' उल्का होती. १९७६ मध्ये व्हायकिंग यानं मंगळावर उतरली, तिथली हवा मोजली गेली. पुढे अंटार्क्टिकात सापडलेल्या, याच कुळातल्या एका उल्केच्या काचेत अडकलेला वायू मंगळाच्या हवेशी जुळला. म्हणजे बिहारमधल्या गावात पडला तो मंगळावरचा बेसॉल्ट होता. मंगळावर काहीतरी आदळलं, त्या दणक्यात तो दगड तिथून उडाला, आणि दणक्याची खूण म्हणून त्यात जी काच राहिली तीच काच आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तळ्याखाली आहे. मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात ते याचसाठी. बेसॉल्टमध्ये झालेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं विवर पृथ्वीवर दुसरं मिळणं मुश्कील.

आता हे सगळं कळल्यावर ते 'हिरवट पाणी' सोपं झालं की अवघड, तुम्हीच सांगा.

ठोकताळा

लेख आवडला, निष्कर्ष नाही.

कोडं वाढलं हा भास आहे. १८२३ मध्ये हा खड्डा कशाचा हेच माहीत नव्हतं. आज आपण ५२ हजार की ५ लाख ७० हजार यावर भांडतोय. पहिल्या भांडणात ज्वालामुखी, दैत्य, उल्का सगळे उमेदवार होते. दुसऱ्यात दोन आकडे आहेत आणि त्यातला एक पडणार आहे. याला उलगडणंच म्हणतात. उरलेलं काम म्हणजे कोडं नव्हे.

आणि हे 'गूढ'चं कौतुक मला जरा धोक्याचं वाटतं. "विज्ञानालाही सगळं कळत नाही" हे वाक्य आलं की पाठोपाठ ताईत येतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आठवा. शेवटी आघारकर संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यात मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, रंग त्यांचा. पाऊस पडला, पाणी वाढलं, रंग गेला. विषय संपला.

मेहकरकर

संपला कसा भाऊ? माझं गाव तिथून जवळ आहे. आमच्या म्हाताऱ्यांना आधी कधी इतकं गुलाबी पाह्यल्याचं आठवत नव्हतं. तळं काय पहिल्यांदा आटलं होतं? उन्हाळ्यात दरवर्षी आटतेच. मग त्याच वर्षी का? हा प्रश्न मी तिथं आलेल्या एका संशोधक पोराला विचारला, तर तो हसला आणि म्हणाला, काका, त्याच्यावरच तर काम चालू आहे.

दुसरं, काठावर धार आहे. गोमुखातून पडते, गोड्या पाण्याची, बारमाही. लोकं तिथं आंघोळी करतात. आणि पाचशे पावलं खाली उतरलं की पाणी इतकं खारं आणि सोड्याचं, की मासा जगत नाही. कारण माहीत आहे, पाण्याला बाहेर वाट नाही, वाफ होऊन क्षार मागं राहतात, pH दहाच्या आसपास जाते. शाळेत आम्हाला शिकवलं होतं. पण माहीत असूनही धारेखाली उभं राहून खाली पाह्यलं की काहीतरी होतेच.

अजून एक. आमचे आजोबा म्हणत, झाकण उडालं ही गोष्ट कोणी पाह्यल्याशिवाय सुचलीच नसती. वर उडालेलं, दूर जाऊन पडलेलं, हे सगळं आहे ना त्यात. याचं काय?

कातळवेडा

मेहकरकर, आजोबांचा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर त्या दोन आकड्यांवरच अडलंय. ५२ हजार खरं असेल तर भारतात आपल्यासारखी माणसं तेव्हा असण्याची शक्यता आहे. इतकी वर्षं गोष्ट टिकणं मला पटत नाही, पण निदान बघणारा कुणी असू शकतो. ५ लाख ७० हजार असेल तर होमो सेपियन्स जगात कुठेच नव्हता. सगळ्यात जुने सांगाडे तीनएक लाख वर्षांचे.

म्हणून बघणारं कुणीच नव्हतं असंही नाही. दगडी हातकुऱ्हाडी करणारी आधीची माणसं दख्खनमध्ये होती. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी अशी हत्यारं मिळाली, आणि त्याच ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. राख म्हणजे कालगणनेची सोयच, ती बहुधा सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची. पण तोबा एकदाच फुटला नाही. कुणी म्हणालं ही राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, कुणी म्हणालं पावणेसात लाख, एका मोजणीत १४ लाखही आलं. राख मिळाली नसती तर 'फार जुनी हत्यारं' म्हणून आपण सुखाने झोपलो असतो.

ठोकताळा, तुमच्या 'दोन आकडे आहेत, एक पडणार' याला हे उत्तर समजा. बोरीला तीन आहेत.

निवांतभाऊ

खुर्ची टाकून बसलोय. चहा कुणी सांगितलाय का?

सातभाई

दगडांवरून जरा जिवंत गोष्टींकडे येऊ या का?

चातक. चोचीत थेट पावसाचं पाणी घेतो, जमिनीवरचं पीत नाही, ही कवींची समजूत. बघायला गेलं तर तो साधा काळापांढरा, शेंडीवाला, कोकिळेच्या कुळातला पक्षी, आणि मुख्यतः केसाळ अळ्यांवर जगतो. समजूत गेली, बरं झालं. मग कळलं की मे-जूनमध्ये आपल्याकडे येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात, मोसमी वाऱ्यांबरोबर. म्हणजे पावसाशी त्याचं नातं कवितेतल्यापेक्षा पक्कं निघालं. माझ्या मते कविता इथे हरली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. चातक घरटं करत नाही. अंडं सातभाईंच्या घरट्यात. अंड्याचा निळा रंगही सातभाईच्या अंड्यासारखाच. मी हे आमच्या सोसायटीमागच्या बोरीच्या झाडावर पाहिलंय. पिल्लू सातभाईंपेक्षा मोठं झालेलं, तरी कळकट राखाडी सातभाई एकामागून एक येऊन त्याच्या चोचीत किडे कोंबत होते आणि ते पंख थरथरवत आणखी मागत होतं. सातभाई म्हणजे आयुष्यात दोन शेतांपलीकडे न जाणारा पक्षी. त्याने वाढवलेलं, आईबापाची ओळख नसलेलं पोर पावसाळा संपला की उठतं आणि आफ्रिकेकडे निघतं. कुणी शिकवलं?

'उपजत' हे उत्तर मला माहीत आहे. ते उत्तर म्हणजे प्रश्नाला घातलेला इस्त्रीचा शर्ट आहे. दिशा, अंतर, कधी निघायचं, समुद्रावर कुठे वळायचं, हे अंड्यात नेमकं कशाच्या रूपात लिहिलेलं असतं?

चातक पावसाचं पाणी पितो एवढंच माहीत असतं तर मला हा प्रश्न कधीच पडला नसता.

देवगडी

माझे दोन पैसे. विज्ञानाने भीती जाते हा मुद्दा राहतोय. ग्रहण म्हणजे राहू-केतू होतं तेव्हा लोक घरात बसायचे. ग्रहण कळलं तेव्हा साहेब दुर्बिणी घेऊन विजयदुर्गात आला आणि १८ ऑगस्ट १८६८ ला हेलियम शोधून गेला. साहेबाचा ओटा अजून किल्ल्यात आहे. भीतीच्या जागी नवं मूलद्रव्य मिळालं. हे उलगडणंच की!

ठोकताळा

देवगडी, मुद्दा माझ्या बाजूचा आहे म्हणून दुरुस्ती करायचा कंटाळा येतोय, पण करतो. १८६८ चं ग्रहण खरं. हेलियमचं श्रेय ज्या दोघांना देतात त्यातला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्या वेळी गुंटूरला होता. दुसरा, म्हणजे तुमचा साहेब, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर, भारतात नव्हताच. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेघ सोडियमच्या जागी बसेना, तेव्हा हे नवं मूलद्रव्य असणार असं पुढे ठरलं. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेला मिळाला १८९५ मध्ये. लॉकयर विजयदुर्गात आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नेगमवाला जेऊरला तळ ठोकून होते. त्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही.

देवगडी

ओट्याची तारीख बदलली, ओटा तिथेच आहे. आणि मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडतं, मग सत्तावीस वर्षांनी खाली, हे तुमच्या दुरुस्तीमुळे आणखीच भारी वाटायला लागलं. जेऊरचं मात्र नवीन. गाडी बार्शीकडे गेली की थांबून विचारीन.

गुंगीवाली

मी भूलतज्ज्ञ आहे. इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

ठोकताळा यांचा 'उरलेलं काम म्हणजे कोडं नव्हे' हा युक्तिवाद मला रोज खोटा ठरताना दिसतो. शिरेत सुई लावलेली असते. मी दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल हळूहळू सोडते आणि पेशंटला गप्पांत गुंतवते. परवा एक आजोबा नातवाच्या मुंजीचा बेत सांगत होते. "आचारी नाशिकचा, त्याची बासुंदी..." इथे वाक्य तुटलं. हात छातीवरून घसरला, पापणीला बोट लावलं तर हालली नाही. पुढचे दोन तास ते नव्हते. झोपले होते असंही नाही, झोपलेला माणूस सुरी लावली की उठतो.

आता मला काय माहीत आहे ते सांगते. कोणत्या वजनाला किती मात्रा. औषध मेंदूतल्या गाबा ग्राहकांवर (पेशींना शांत करणारा संदेश घेणाऱ्या प्रथिनांवर) काम करतं. रक्तदाब किती पडेल, श्वास कधी थांबेल, किती मिनिटांत परत येतील. यात मी सहसा चुकत नाही, चुकून चालतही नाही. ईथरचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये १८४६ ला झालं, तेव्हापासून या शास्त्राने इतकी मजल मारली आहे. आणि तरी 'ते' कुठे गेले होते, जाणीव नेमकी कशामुळे मिटली, यावर आजही एकमत नाही.

याचा इतिहास तर कातळवेडा यांच्या विवरासारखाच आहे. १९०० च्या आसपास मायर आणि ओव्हरटन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की भुलीचं औषध तेलात जितकं जास्त विरघळतं तितकं ते जोरदार. फार सुंदर नियम. मग पुढची कित्येक दशकं सगळे म्हणत राहिले, मेंदूच्या पेशींचं आवरण स्निग्ध असतं, औषध त्यात घुसतं आणि काम बिघडवतं. समाधान झालं. १९८४ मध्ये दोन संशोधकांनी काजव्याचं प्रथिन घेतलं, ज्यामुळे काजवा चमकतो ते. त्यात स्निग्ध पदार्थाचा अंशही ठेवला नाही. तरी भुलीच्या औषधांनी त्याचं काम मंदावलं, आणि मंदावण्याचं प्रमाण औषधाच्या जोराशी जुळलं. म्हणजे आवरणाची गरजच नव्हती, थेट प्रथिनावर परिणाम होत होता. तो सुंदर नियम आकड्यात बरोबर होता, त्यावरून काढलेला अर्थ डळमळला.

झेनॉन तर डोकं खाजवायला लावतो. निष्क्रिय वायू, कुणाशी सहसा रासायनिक संयोग करत नाही, पण हुंगवला की माणूस बेशुद्ध! आणि लाजाळू! क्लॉड बर्नार्डने १८७० च्या दशकात ईथर देऊन दाखवलं की लाजाळूची पानं मिटायची थांबतात, वाफ गेली की पुन्हा मिटायला लागतात. लाजाळूला मेंदू नाही. तिचं काय हरपतं?

पेशंटचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, नक्की उठतील ना?" मी "हो" म्हणते, आणि ते खरं असतं. पण ऑपरेशन थिएटरबाहेरच्या लोकांना वाटतं की ही बाई आतलं सगळं जाणते. मी विद्यार्थिनी होते तेव्हा मलाही भूल सोपी वाटायची. औषध दिलं, झोपला.

ठोकताळा

गुंगीवाली, प्रतिसाद उत्तम. माझं म्हणणं थोडं आवळून घेतो, सोडत नाही.

तुमच्या उदाहरणातून दोन वेगळी टोकं निघतात. एक, औषध कोणत्या प्रथिनाला धरतं. ते सुटत आलंय, सुटेल. दुसरं, जाणीव म्हणजे काय. ते १८४६ च्या आधीही तसंच होतं. भुलीच्या ज्ञानाने ते वाढवलं नाही, फक्त तुमच्या टेबलावर आणून ठेवलं.

अवांतर : झेनॉनचे दुष्परिणाम कमी असतात म्हणतात, मग सर्रास का वापरत नाहीत?

गुंगीवाली

किंमत. हवेच्या कोटी भागांत झेनॉनचा जेमतेम एक भाग. हवा द्रवरूप करून तो वेगळा काढावा लागतो. आपल्याकडच्या रुग्णालयात नावही काढू नका.

"फक्त टेबलावर आणून ठेवलं" यातल्या 'फक्त'ला माझी हरकत आहे. १८४६ च्या आधी जाणीव हा तत्त्वज्ञांचा विषय होता. आता ती मिलिग्रॅमने कमी-जास्त करता येते, आणि केटामाइन दिलं तर डोळे उघडे, पण माणूस भलतीकडेच, असा तिसराच प्रकार होतो. शुद्ध आणि बेशुद्ध या दोनच खोल्या आहेत असं वाटायचं, आत गेल्यावर घर मोठं निघालं. या खोल्या आधी कुणाला माहीतच नव्हत्या, मग त्यांचं कोडं आधी कसं असेल?

मेहकरकर

ताई, लाजाळूचं वाचून आमच्या सौ. अंगणातल्या झाडाकडं वेगळ्याच नजरेनं पाहून राहिल्या. ईथर मागू नये म्हणजे झालं.

कातळवेडा, पुढल्या खेपेला आलात तर कळवा. कलते थर दाखवणारी एक पाऊलवाट मला माहीत आहे, पर्यटक तिकडं जात नाहीत. सकाळी लवकर या, दुपारी वासानं डोकं उठते.

कातळवेडा

नक्की. हिवाळ्यात येतो, तेव्हा गवत वाळलेलं असतं, दगड दिसतात.

ठोकताळा, तुमच्याशी एका बाबतीत सहमत. ताईतवाल्यांना यातलं काहीही कामाचं नाही. 'आरगॉन पूर्ण निसटला होता का' हा प्रश्न विचारण्याआधी निम्मं भूशास्त्र शिकावं लागतं. ताईतवाल्याला प्रश्न नकोच असतो, त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार असतं. झाकण उडालं, विषय संपला. तुमच्या गुलाबी पाण्यासारखाच.

ठोकताळा

टोमणा पोचला. आणि सातभाई, तुमच्या चातकाचा नकाशा एक दिवस जनुकांत सापडेल. त्या दिवशी हा धागा वर काढेन, लिहून ठेवा.

सातभाई

जरूर काढा. तेव्हा मी विचारीन, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत बारा महिने राहणारे, कुठेही न जाणारे चातक आहेत, त्यांच्यात तो नकाशा काय करत बसलेला असतो.